पोटात बॅटरी घेणारी हलकी इलेक्ट्रिक सायकल: फ्रेम आखण्यापासून घाट चढेपर्यंत

फ्रेमचं चित्र काढायला बसण्याआधी बाजारातून एक १८६५० सेल, म्हणजे लिथियमचा गोल सेल, आणा आणि समोर टेबलावर ठेवा. व्यास १८ मिलिमीटरच्या किंचित वर, लांबी ६५ मिमी, वजन ४५ ते ५० ग्रॅम. पुढची सगळी फ्रेम या बोटभर सेलवरून ठरणार आहे: नळी किती जाड घ्यायची, तिचं तोंड कुठं उघडायचं, कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज सांभाळणारं सर्किट) कुठं बसवायचा, तार कुठून ओवायची. मी पहिली फ्रेम बांधली तेव्हा क्रम उलटा होता. आधी देखणी फ्रेम आखली, जोडून घेतली आणि मग तिच्यात बॅटरी बसवायला निघालो. बॅटरी जाईना, म्हणून डाऊन ट्यूबला, म्हणजे हँडलकडून पायडलकडं उतरणाऱ्या तिरक्या नळीला, खालून ४०० मिमीची चीर पाडली आणि वर पत्र्याचं झाकण लावलं. पहिला पावसाळा सरायच्या आत चिरेच्या कोपऱ्यातून नळी फाटायला लागली. त्यानंतर मी कुठल्याच नळीला चीर पाडलेली नाही.

दुसरी गोष्ट मी तेव्हाच ठरवली. फ्रेमच्या आत जे जे जाईल ते दोन ॲलन की आणि एक पाना एवढ्यावर, दहा मिनिटांत बाहेर निघालं पाहिजे. आपल्या मराठवाड्यात सायकल बंद पडते ती जिंतूर-परभणी रस्त्यावर किंवा केजच्या पुढं, आणि तिथं मदतीला असतो पंक्चर काढणारा सायकलवाला. त्याच्यासमोर फ्रेम कापायची वेळ आली तर आपल्या आखणीत खोट आहे, असं मी धरतो.

आधी ताकदीचा हिशेब

सायकलस्वार आणि सायकल मिळून ९५ किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २२ किमी वेगाला हवेचा विरोध साधारण ७० वॅट खातो आणि टायरचं घर्षण ४५ वॅट. म्हणजे चाकावर ११५ वॅटच्या आसपास लागतात. त्यातले ६० वॅट माणूस आरामात देतो. खरी परीक्षा चढावर होते. १०० मीटरला ५ मीटर असा चढ ताशी १५ किमीनं चढायचा तर सुमारे २५० वॅट लागतात. तुम्ही ८० दिले तर मोटरनं १७० द्यायचे. एवढं लहान गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, देते. त्याहून मोठी मोटर घेतली की बॅटरी मोठी, नळी जाड, फ्रेम जड, आणि हलक्या सायकलीचा विचार तिथंच संपतो.

कायदाही याच मापाचा आहे. मोटरची ३० मिनिटांची (सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही. परवाना नको, नोंदणी नको. पायडल-सहाय्याच्या सायकलीत तुम्ही पायडल थांबवलं की मोटरही थांबली पाहिजे. सायकली बांधून विकायच्या असतील तर मात्र पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हा लेख स्वतःपुरत्या एका सायकलीचा आहे.

अंतराचं गणित सोपं आहे. पायडल मारत चाललं तर थांबे, वारा, चढ धरून किलोमीटरला ८ वॅट-तास पुरतात. ३.५ अँपिअर-तासाचे २० सेल, म्हणजे १० सिरीजमध्ये आणि २ पॅरलल, असे लावले की ३६ व्होल्ट ७ अँपिअर-तास, एकूण २५० वॅट-तास होतात. बॅटरी पार रिकामी करायची नाही म्हणून ८५ टक्के धरा. २६ किमी झाले. संभाजीनगरात गारखेड्यातून चिकलठाणा एमआयडीसीत जाऊन-येऊन होतं आणि भाजी आणायलाही उरतं. रोज ४० किमी करणाऱ्यानं हा आराखडा घेऊ नये. त्याला जाडजूड ५ अँपिअर-तासाचे २१७०० सेल लागतील. त्यात कंट्रोलरला नळीत जागा उरत नाही, तो सीटखालच्या पिशवीत ठेवावा लागतो.

सेल आणि नळी

प्लॅस्टिकच्या वेष्टनासह सेल १८.५ मिमीचा धरा. चार सेल चौकोनात चिकटून उभे केले तर त्यांच्याभोवती बसणारं वर्तुळ व्यासाच्या २.४१४ पट, म्हणजे ४४.७ मिमी. आता ५०.८ मिमी बाहेरचा व्यास आणि ०.९ मिमी भिंत असलेली नळी घ्या, म्हणजे दोन इंची. आतला व्यास ४९ मिमी. चौफेर २ मिमी मोकळे राहतात. त्यात इन्सुलेशन, फायबरची बाही आणि फोमची पट्टी बसते. चार सेलांच्या मधोमध साडेसात मिमीचं भोक उरतं, तिथून बॅलन्सच्या (प्रत्येक जोडीचं व्होल्टेज मोजणाऱ्या) बारीक तारा जातात. बाहेरून दोन सेलांच्या मधली जी खाच राहते तिच्यातून कंट्रोलरची जाड तार उतरते. चाराचा चौक मला आवडतो तो या खाचांसाठी.

चार-चार सेलांचे पाच थर, एकावर एक. यातली मांडणी नीट समजून घ्या, कारण पुढची जोडणी तिच्यावर अवलंबून आहे. चारातल्या दोन सेलांचं धन टोक वर आणि दोघांचं खाली. वर टोक असलेल्या जोड्या पाच थरांतून सिरीजमध्ये वर चढतात, माथ्यावर एका पट्टीनं शेजारच्या रांगेत उतरतात आणि तिथून पाच जोड्या खाली येतात. रहाटाची दोरी जाऊन परत येते तसं. फायदा असा की बॅटरीचं धन आणि ऋण दोन्ही टोकं खालच्या बाजूलाच येतात, नळीच्या उघड्या तोंडापाशी. तोटा असा की खालच्या थरात दोन शेजारी रांगांमध्ये पूर्ण ४२ व्होल्टचा फरक असतो. म्हणून दोन रांगांमध्ये वरपासून खालपर्यंत फिश पेपरचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या चिवट कागदाचा, आडोसा हवाच.

पाच थरांची उंची पट्ट्या आणि वॉशर धरून ३४५ मिमी. त्याखाली बीएमएसला (सेलांवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) ६० मिमी, कनेक्टर हातानं जोडून आत सारायला ३५ मिमी. झाले ४४०. वर कंट्रोलरला ८५. एकूण ५२५ मिमी.

तोंड कुठं उघडायचं

बंद नळी पिळाला फार चिवट असते. तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर पाडली की तो चिवटपणा अक्षरशः उडून जातो. पातळ नळीसाठी हा फरक त्रिज्या भागिले भिंत, त्याचा वर्ग, गुणिले ३ असा निघतो. आपल्या नळीची त्रिज्या २५ आणि भिंत ०.९, म्हणजे दोन हजार पटींहून जास्त. वर्तमानपत्राची सुरळी करून पिळून बघा आणि तीच सुरळी कडा चिकटवून पुन्हा पिळा; हाताला फरक कळेल. चीर लहान असेल तर नुकसान कमी होतं, पण ताण तिच्या कोपऱ्यांत येऊन साचतो आणि तिथूनच तडा जातो. कारखान्यात बनणाऱ्या सायकलींना अशा खिडक्या दिसतात खऱ्या, पण तिथली नळी खास आकाराची आणि कडेला जाड केलेली असते. आपल्याकडं सरळ गोल नळी आहे. ती अखंडच ठेवायची आणि तिच्या टोकातून भरायची.

वरचं टोक हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या आखूड नळीला भिडतं, ते बंद. राहिलं खालचं. साध्या सायकलीत डाऊन ट्यूब बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलचा आस जिथं फिरतो त्या) कवचाला जाऊन मिळते आणि तिथं संपते. आपण ती कवचाच्या पुढून-खालून घसटून नेतो आणि कवचाच्या पुढं ४० मिमी वाढवून उघडी सोडतो. कवच नळीच्या पाठीवर बसतं. सीट ट्यूब आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडं जाणाऱ्या खालच्या दोन नळ्या) नेहमीप्रमाणे कवचालाच. कवच आणि नळी यांचा नुसता रेषेवरचा जोड पुरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी अडीच मिमी जाडीच्या, विड्याच्या पानासारख्या निमुळत्या पट्ट्या लावा. पानाचं देठ नळीवर वरच्या दिशेला जाऊ द्या. सरळ कापलेली पट्टी जिथं संपते तिथं नळीला तडा जातो. उघड्या तोंडाला बाहेरून ३ मिमी जाड, २० मिमी रुंद कडं जोडा. त्यानं तोंड गोल राहतं आणि झाकणाचे दोन एम-५ बोल्ट धरायला जागा मिळते. ७०० गुणिले ३८ टायरवर हे तोंड जमिनीपासून २०० मिमी वर राहतं. बॅटरी काढताना सायकल आडवी निजवायची, की ती मागच्या चाकाला न लागता सरळ बाहेर येते.

आराखडा

उंची १६५ ते १७० सेंटिमीटर असलेल्या माणसासाठी मी हे आकडे वापरतो: रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) ३८५, स्टॅक (तेच उभं अंतर) ५६०, सीट ट्यूबचा कोन ७३ अंश, हेड ट्यूबचा ७१, हेड ट्यूब १४० मिमी, चेनस्टे ४४०, बॉटम ब्रॅकेट चाकाच्या मध्यापासून ६५ मिमी खाली, चिमट्याचा (पुढच्या फोर्कचा) ऑफसेट ५०. ट्रेल (हँडलच्या आसाची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ६७ मिमी येतो, म्हणजे खडी पसरलेल्या रस्त्यावर हँडल हातात शांत राहतं. या मापात डाऊन ट्यूब आतून ६४० मिमी मिळते. आपल्याला ५२५ लागतात. उरलेले ११५ मिमी हेड ट्यूबकडच्या बाजूला मुद्दाम रिकामे ठेवा. हेड ट्यूबच्या लगेच मागं डाऊन ट्यूबच्या पोटाला सायकलच्या फ्रेमी सर्वात जास्त तडकतात. त्या पट्ट्यात एकही भोक, एकही बोल्ट नको.

मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना किमान १० मिमी जागा सोडा. काळ्या मातीच्या रानात पावसात सायकल घातलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. ६ मिमी जागेत चिखल भरला की चाक फिरत नाही, मोटर मात्र ओढत राहते आणि तापते.

चित्र फ्रीकॅड या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये काढा किंवा ड्रॉइंग शीटवर, मला दोन्ही चालतात. पण शेवटी ते एकास-एक मापात हवं. त्यासाठी चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडं जा. वाढदिवसाचे बॅनर छापणारं तेच यंत्र तुमची फ्रेम खऱ्या मापात छापून देतं, खर्चही फार येत नाही. चित्रात आडवी आणि उभी अशा दोन रेषा बरोबर १००० आणि ५०० मिमीच्या ठेवा. छापून आल्यावर पोलादी टेपनं त्या मोजा. फ्लेक्स ताणला जातो. २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर पुन्हा छापून घ्या.

नळ्या

जालना म्हटलं की पोलाद आठवतं, पण तिथल्या सळईचा इथं उपयोग नाही. लागते ती ४१३० क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, सीमलेस नळी. ती इंचाच्या मापात, ०.०३५ इंच म्हणजे ०.९ मिमी भिंतीची मागवता येते. ॲल्युमिनियमचा मोह टाळा. ते पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं आहे हे खरं, पण त्याचा कणखरपणाही तितकाच कमी, आणि ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या आजूबाजूला निम्म्यावर कमजोर होतं. ती ताकद परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत नेमक्या तापमानाला घालावी लागते. वाळूजला तशी भट्टी असेलही, एका फ्रेमसाठी ती कोणी पेटवणार नाही. क्रोमोली जोडली, हवेत आपोआप निवू दिली की काम झालं.

डाऊन ट्यूब ५०.८, टॉप ट्यूब आणि सीट ट्यूब २८.६, चेनस्टे २२.२, सीटस्टे (मागच्या चाकाकडं जाणाऱ्या वरच्या दोन नळ्या) १५.९, सगळ्यांची भिंत ०.९ मिमी. डाऊन ट्यूब मीटरला १.१ किलो भरते, टॉप ट्यूब ६०० ग्रॅमच्या थोडी वर. कवच, हेड ट्यूब, ड्रॉपआऊट (मागच्या चाकाचा एक्सल धरणारे खाचेचे तुकडे), पट्ट्या धरून फ्रेम ३ किलोच्या आसपास येते. मोटर २.२, बॅटरी १.३, कंट्रोलर आणि तारा ४०० ग्रॅम, बाकीची सायकल साडेआठ. एकूण साडेपंधरा किलो. बॅटरी संपली तरी ही सायकल साध्या सायकलीसारखी पायानं चालवता येते, दुसऱ्या मजल्यावर खांद्यावरून नेता येते.

कापणं, जुळवणं, जोडणं

सपाट टेबल हवं. पोलादी सरफेस प्लेट महाग पडते. किचन ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा, साधारण चार फूट बाय अडीच फूट, दगडवाल्याकडं स्वस्तात मिळतो आणि तो पुरेसा सपाट असतो. त्यावर फ्लेक्स पसरा, नळ्या व्ही-ब्लॉकवर उचलून धरा, म्हणजे ज्योत दगडाला लागणार नाही. तापला तर ग्रॅनाइट तडकतो. प्रत्येक नळी चित्राच्या वर आली की नाही ते गुण्या लावून बघा.

नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईला बसवताना कागदी साचा गुंडाळून खूण करा, हॅक्सॉनं कापा आणि अर्धगोल कानशीनं घासा. दोन नळ्यांमधून उजेड दिसता कामा नये. अर्ध्या मिमीची फट राहिली तर जोडणारा ती भरून देईल, पण निवताना तो जोड तेवढा आकसेल आणि फ्रेम वाकडी होईल. फ्रेम बांधण्यातला निम्मा वेळ या घासण्यात जातो. जाऊ द्या.

बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला जोडाच्या आतल्या बाजूनं ३ मिमीचं भोक आधीच पाडा. आतली हवा तापून फुगते आणि वाट मिळाली नाही तर वितळलेल्या धातूतून पिचकारी मारते.

जोडायचे दोन मार्ग आहेत. टिग वेल्डिंग येणारा चांगला माणूस मिळाला तर तो. संभाजीनगरच्या एमआयडीसीत असे कारागीर आहेत, पण जाड पाइपचं काम करणारा ०.९ मिमीची भिंत सहज जाळतो. त्याला आधी त्याच नळीच्या तुकड्यांवर चार जोड मारायला सांगा. ३५ ते ४५ अँपिअर करंट, ईआर-७०एस-२ ची काडी, आर्गॉन. जोड करवतीनं उभा चिरा आणि आतून बघा.

दुसरा मार्ग पितळी ब्रेझिंगचा, आणि मी तोच धरतो. जुन्या सायकलींच्या फ्रेमी अशाच जोडत. पितळाची काडी ९०० अंशांच्या आसपास वाहते, नळी वितळत नाही, चूक झाली तर पुन्हा तापवून सुधारता येते. फ्लक्स मुख्यतः टाकणखाराचाच, सोनार वापरतात तो. तालुक्याच्या गावातही गॅसवर हे काम करणारा कोणी ना कोणी भेटतो. जोडाभोवती अंगठ्याच्या पेराएवढ्या त्रिज्येची गुळगुळीत गोलाई आली की काम छान झालं समजा. नंतर काचेसारखा झालेला फ्लक्स गरम पाण्यात भिजवून काढा. तो राहिला तर रंगाखालून गंज धरतो.

सगळे जोड आधी टाका मारल्यासारखे चार-चार ठिकाणी पकडा, मग समोरासमोर आलटून-पालटून पूर्ण करा. टाके झाल्यावर दोरीची परीक्षा घ्या: एका ड्रॉपआऊटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआऊटपर्यंत सुतळी ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तिथंच थांबून सरळ करा. हेड ट्यूब आणि सीट ट्यूब एका प्रतलात आहेत का ते ओळंबा सोडून बघा.

यानंतरची परीक्षा माझी स्वतःची आहे आणि ती मी कधीच सोडत नाही. लेथवर ४८ मिमी व्यासाचा, ३५० मिमी लांब लाकडी दांडा करून घ्या. पूर्ण जोडकाम झाल्यावर तो डाऊन ट्यूबच्या तोंडातून आत सारा. उष्णतेनं नळी थोडी जरी चेपली असेल तर दांडा अडतो. बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या कवचापाशीच. बॅटरी अडकल्यावर हे कळण्यापेक्षा लाकूड अडकलेलं बरं.

मागचं चाक

मोटर मागच्या चाकात, गिअरवाली, साधारण दोन-सव्वादोन किलोची. गिअर कॅसेट आणि डिस्कच्या मधे ती दडून जाते, शोधणाऱ्यालाच दिसते. आत क्लच असल्यानं मोटर बंद असताना ओढ लागत नाही. पुढच्या चाकातली मोटर चिखलात घसरते. क्रँकवरची मोटर जड पडते आणि फ्रेमलाच तिचा खास साचा लागतो. दोन्ही मी सोडून दिल्या.

मोटर चाक पुढं ढकलते तेव्हा तिचा एक्सल तेवढ्याच जोरानं उलटा फिरू बघतो. एक्सल १२ मिमीचा, दोन बाजूंनी १० मिमीवर चपटा केलेला. ३५ न्यूटन-मीटरचा पीळ या १० मिमीच्या चपट्या भागावर आला तर ड्रॉपआऊटच्या ओठांवर साडेतीन क्विंटलचा जोर पडतो. म्हणून ड्रॉपआऊट ६ मिमी जाड पोलादाचे लेझरनं कापून घ्या, खाच १०.१ मिमी, त्याहून सैल नको. शिवाय टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारा पोलादी हात) वेगळा लावा आणि त्याचं दुसरं टोक चेनस्टेवरच्या बोल्टला धरा. एक्सल सुटून फिरला तर आतली तार पिळून तुटते, चाक निखळू शकतं.

मोटरची तार एक्सलमधून बाहेर येते तिथं तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तारेवरून टपकून जाईल, आत शिरणार नाही. कनेक्टर चेनस्टेच्या मध्यावर, उघडा, हाताला येईल असा ठेवा. बाभळीचे काटे आहेत तोवर पंक्चर होणारच, आणि चाक काढायला १८ चा पाना आणि हा कनेक्टर एवढंच लागलं पाहिजे.

तारा

पायजम्यात नाडी ओवतात तशी तार ओवायची. नळ्या जोडल्यावर, रंगाच्या आधी, प्रत्येक वाटेतून नायलॉनची दोरी घालून ठेवा. रंगाला जाताना काढा, आल्यावर पुन्हा घाला. तार बदलायची झाली की जुन्या तारेलाच नवी दोरी बांधून ओढायची.

भोकं नळीच्या कुशीत, म्हणजे बाजूला पाडा. वर किंवा खाली पाडू नका, कारण वाकण्याचा ताण तिथं जास्त असतो. ८ मिमीचं लंबगोल भोक, त्याभोवती पितळानं जोडलेलं कडं, आत रबरी ग्रॉमेट. तार पोलादाच्या धारेवर घासून उघडी पडली तर अख्खी फ्रेमच एक तार होते. पाण्याच्या बाटलीचे बोल्ट सीट ट्यूबवर लावा. डाऊन ट्यूबवर लावले तर ते आत शिरून बॅटरी अडवतात.

कंट्रोलर १० अँपिअरचा, त्याची पेटी काढून ॲल्युमिनियमच्या अर्धगोल ठोकळ्यावर बसवलेला. ठोकळा नळीच्या भिंतीला टेकला की उष्णता फ्रेममध्ये उतरते. नळीच्या बाजूनं दोन एम-५ बोल्ट त्याला धरतात. बॅटरी काढली, बोल्ट सोडले, त्याला बांधलेली दोरी ओढली की कंट्रोलर खाली येतो. हँडलकडं एकच जलरोधक बटण जाऊ द्या. ब्रेक आणि गिअरच्या केबली मात्र बाहेरून न्या. त्या फ्रेमच्या आतून नेण्याची चाल सध्या जोरात आहे, पण ब्रेकची केबल हा जिवाचा मामला आहे आणि ती कोणालाही, कुठंही, पाच मिनिटांत बदलता आली पाहिजे.

बॅटरी

हे काम आधी कधी केलेलं नसेल तर करणाऱ्याकडून करून घ्या, मापं तुमची द्या. एकाच खेपेचे नवे सेल, प्रत्येकाचं व्होल्टेज मोजून जुळवलेलं. पट्टी शुद्ध निकेलची, स्पॉट वेल्डिंगनं लावलेली. सेलला थेट सोल्डर लावायचं नाही. धन टोकाच्या कड्यावर फिश पेपरची टिकली दोनदा. सेलचं धन टोक आणि बाजूचं कवच यांच्यात एका मिमीचं अंतर असतं आणि थरथरीत वेष्टन घासतं. १० सिरीजचा बीएमएस, १५ अँपिअरचा फ्यूज, तापमानाचा सेन्सर मधल्या थरात. वर उष्णतेनं आवळणारं श्रिंकचं वेष्टन, त्यावर फायबरची पातळ बाही, चारी बाजूंनी फोमच्या पट्ट्या. नळीत घातल्यावर हलवून बघा, आवाज आला तर अजून एक पट्टी.

झाकण पाण्याला बंद हवं, पण पार गच्च नको. एखादा सेल बिघडला तर तो जोरात वायू सोडतो आणि कोंडलेली पोलादी नळी म्हणजे सुतळी बॉम्बची खोळ. झाकणाला १० मिमीचं भोक ठेवून त्यावर आतून पातळ रबर चिकटवा. पाणी अडतं, दाब आला की ते फाटतं.

आपल्या मे महिन्याचा विचार इथं करायलाच हवा. पारा ४२-४३ वर असताना उन्हात उभ्या केलेल्या गडद रंगाच्या नळीला हात लावता येत नाही. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात. म्हणून फ्रेमवर चार्जिंगचं तोंडच मी ठेवत नाही. आल्यावर बॅटरी काढा, फरशीवर निवू द्या, रात्री गारव्यात लावा. २ अँपिअरच्या चार्जरनं चार तासांत भरते. गादीवर, लाकडी कपाटात, पडद्याजवळ कधीही नाही, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर जाणं नाही.

गंज आणि रंग

नळीच्या आत उकळलेलं जवसाचं तेल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जादा तेल गाळून आठवडाभर उन्हात ठेवा. ते सुकून पातळ थर धरतं. क्रोमोलीच्या नळ्या जपायला हाच जुना उपाय आहे आणि जवस आपल्याकडं पिकतंच. पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांना चालते, म्हणून क्रम असा: आधी रंग, मग तेल, शेवटी वायरिंग. रंग पांढरा किंवा फिकट राखाडी. बोल्टचे आटे आणि डाऊन ट्यूबचं तोंड रंगवणाऱ्याला झाकायला सांगा, नाहीतर ४९ चे ४८.५ होतात.

तपासणी

आयएसओ ४२१० या मानकात फ्रेमला पायडलच्या जोराचे एक लाख फेरे सोसावे लागतात. घरी ते यंत्र नाही, पण डोळे आहेत. बॅटरी न घालता सायकल नुसत्या पायावर १०० किमी चालवा, त्यातले थोडे खडीच्या रस्त्यावर. मग प्रत्येक जोड रॉकेलनं पुसून कोरडा करा आणि खडूची पूड लावा. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल खडूवर काळी रेघ उमटवतं. हेड ट्यूबच्या मागचं पोट, विड्याच्या पानांची टोकं, ड्रॉपआऊटच्या खाचा, या तीन जागा भिंग घेऊन बघा.

त्यानंतर बॅटरी घाला आणि ब्रेक नीट आहेत याची खात्री करून दौलताबादचा घाट चढा. पहाटे जा, गाड्या कमी असतात. वर पोचल्यावर उतरून लगेच हात लावायच्या जागा ठरलेल्या आहेत: आधी मोटरचं कवच, मग डाऊन ट्यूबवर कंट्रोलरच्या जागी, मग बॅटरीच्या जागी. मोटर गरम लागेल, कंट्रोलर कोमट. बॅटरीची जागा हवेइतकीच हवी. ती गरम लागली तर एखादा थर नीट जुळलेला नाही. उतरताना मोटर बंद ठेवा, घरी येऊन बॅटरी काढा आणि दहाही जोड्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. सगळं ठीक असलं तरी एक्सलच्या दोन्ही नटांवर रंगाची रेघ मारून ठेवा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला ती रेघ सरकली का बघायचं. माझ्या दुसऱ्या फ्रेमवर ती तिसऱ्या आठवड्यात एका केसाएवढी सरकली होती. नट पुन्हा आवळला, वॉशर बदलला, तेव्हापासून रेघ जागेवर आहे.